गॅस जमीनमालकाचा, रस्ता गावाचा: पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यांतली शेल गॅसची वर्षं

प्रश्न असा विचारला आहे: अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात शेल गॅस निघाल्यावर तिथली खेडी श्रीमंत झाली की उद्ध्वस्त झाली? एका ठिकाणी वाचावं तर शेतकऱ्यांनी कर्जं फेडून नवे ट्रॅक्टर घेतलेले असतात, दुसऱ्या ठिकाणी वाचावं तर नळाचं पाणी काडी लावल्यावर पेटत असतं. मग खरं काय?

त्या राज्याच्या उत्तरेकडच्या लहान टाउनशिपांबरोबर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांबरोबर, मी बरीच वर्षं जमीनवापर, रस्ते आणि पाण्याच्या नियोजनाचं काम केलं आहे. माझं उत्तर असं की दोन्ही वर्णनं खरी आहेत आणि पुष्कळदा ती एकाच रस्त्यावरच्या दोन घरांची आहेत. गॅसचा पैसा जमिनीखालच्या हक्काच्या मालकाकडे जातो. धूळ, ट्रक, वाढलेलं भाडं आणि पाण्याची धास्ती सगळ्या गावाच्या वाट्याला येते. शिवाय पैसा आणि खर्च एकाच वेळी येत नाहीत. कोणाला काय मिळालं आणि केव्हा मिळालं, हे वेगवेगळं पाहिलं तरच या प्रश्नाला हात घालता येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्सेलस हा सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा काळा शेल खडक. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो या राज्यांखाली तो पसरला आहे. त्यात वायू आहे हे भूवैज्ञानिकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण खडक इतका घट्ट की वायू बाहेर येत नसे. रेंज रिसोर्सेस या कंपनीने वॉशिंग्टन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका विहिरीवर २००४ मध्ये पाणी, वाळू आणि रसायनांचा मोठा दाब देऊन खडक फोडून पाहिला (यालाच फ्रॅकिंग म्हणतात) आणि तिथून चित्र पालटलं. जानेवारी २००८ मध्ये टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश या दोन प्राध्यापकांनी जाहीर केलं की मार्सेलसमधून ५० लाख कोटी घनफूट वायू काढता येण्याजोगा आहे. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत वायूचा घाऊक दर हजार घनफुटाला १२ डॉलरच्या वर गेला. या दोन गोष्टी जुळून आल्या आणि लीज, म्हणजे वायू काढू देण्याचे करार, गोळा करणारे कंपन्यांचे लोक, ज्यांना तिथे लँडमन म्हणतात, गोठ्यागोठ्यांत जाऊन बसू लागले.

इथे कायद्यातला एक मोठा फरक सांगायला हवा. आपल्याकडे जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारचं. अमेरिकेत ते खासगी मालकीचं असतं आणि वरच्या जमिनीपासून वेगळं विकताही येतं. त्यामुळे एखाद्याच्या पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वी शेत विकताना खालचे हक्क स्वतःकडे ठेवले असतील, तर आज शेत कसणाऱ्याला रॉयल्टीचा, म्हणजे वायूच्या विक्रीतल्या वाट्याचा, एक पैसाही मिळत नाही. उलट खालच्या हक्काच्या मालकाला तिथवर पोचण्यासाठी वरची जमीन वाजवी प्रमाणात वापरू द्यावीच लागते. शेतात विहिरी खोदण्यासाठी पाच एकरांचा खडीचा पॅड होतो, रात्रंदिवस दिवे जळतात आणि चेक मात्र दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या कुणा चुलत नातेवाइकाच्या नावे निघतो. अशी घरं मी अनेक पाहिली. नफ्या-तोट्याच्या कुठल्याच हिशेबात त्यांना जागा नसते.

ज्यांच्याकडे हक्क होते त्यांच्यातही मोठी दरी पडली. डिमॉक गावात २००६ च्या सुमारास लोकांनी एकरी २५ डॉलर बोनसवर (सही करताना मिळणारी एकरकमी रक्कम) सह्या केल्या. दोन-तीन वर्षांत त्याच टापूत एकरी काही हजार डॉलर मिळू लागले. खडक तोच आणि कंपन्याही बहुतेक त्याच, फक्त सही उशिरा झाली होती. ज्यांनी शेजाऱ्यांना गोळा करून, गट बांधून, एकच वकील लावून वाटाघाट केली त्यांना बोनस तर जास्त मिळालाच, पण पाण्याची तपासणी, पॅडची जागा, पाइपलाइनचा मार्ग असली कलमंही लिहून घेता आली. एकेकट्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही केली त्याच्या हातात कंपनीचा छापील कागद आला. पेनसिल्व्हेनियाने या खेड्यांतून एक गोष्ट शिकवली असेल तर ती गटाने बोलण्याची, असं माझं ठाम मत आहे.

रॉयल्टीबद्दल लोकांच्या कल्पना फार चुकीच्या असतात, म्हणून जरा आकडेमोड करू. राज्यात १९७९ च्या कायद्याने किमान रॉयल्टी साडेबारा टक्के आहे. समजा, विहिरीतून सुरुवातीला रोज ५,००० हजार घनफूट वायू निघतो आणि दर हजार घनफुटाला ३ डॉलर आहे. दिवसाचे झाले १५,००० डॉलर. त्यातली रॉयल्टी १,८७५ डॉलर, आणि ती विहिरीला जोडलेल्या संपूर्ण ६४० एकरांच्या गटात वाटली जाते. तुमचे ८० एकर असतील तर तुम्हाला दिवसाला सुमारे २३४ डॉलर, महिन्याला सात हजार. एखाद्या दूध उत्पादकाला ही रक्कम स्वप्नवत वाटते आणि तो तिच्या भरवशावर कर्ज काढतो. पण शेलमधल्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं. ते २,००० वर आलं आणि दर २ डॉलर झाला, तर महिन्याचा चेक १,९०० च्या आत येतो. दर खरोखरच तितके पडले, किंबहुना जास्तच. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रीय घाऊक दर २ डॉलरच्याही खाली गेला होता, आणि पाइपलाइन अपुऱ्या असल्याने पेनसिल्व्हेनियातल्या वायूला बरेचदा त्याहूनही कमी दर मिळे.

त्यातून कपातीही होतात. वायू गोळा करणं, दाबणं, वाहून नेणं या खर्चाचा वाटा रॉयल्टीतून कापता येतो, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. साडेबारा टक्के म्हणजे विक्रीच्या किमतीचे साडेबारा टक्के, असं धरून चाललेल्या लोकांना तो मोठा धक्का होता. ब्रॅडफर्ड काउंटीत तर काहींच्या चेकवर कपातीनंतर जवळजवळ काहीच उरेना. राज्याच्या अॅटर्नी जनरलनी २०१५ मध्ये चेसापीक एनर्जीवर याच कारणाने दावा लावला. २०२० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २०२१ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. 'कपातीशिवाय रॉयल्टी' हे एक कलम लीजमध्ये असतं तर यातली पुष्कळ कुटुंबं वाचली असती.

हे सगळं झालं जमीन असलेल्यांचं. भाड्याने राहणाऱ्यांकडे लीजही नव्हती आणि रॉयल्टीही. टोवांडा, सेअर, विल्यम्सपोर्ट या गावांत टेक्सास, ओक्लाहोमा आणि लुइझियानाहून रिगवरचे, म्हणजे खोदाईच्या यंत्रांवरचे, कामगार आले. त्यांच्या राहण्याचा खर्च कंपनी देई, त्यामुळे घरमालक मागेल ते भाडं मिळे. काही ठिकाणी भाडी दुपटी-तिपटीने वाढली. एकट्या आया, निवृत्तिवेतनावरचे वृद्ध, किमान वेतनावर काम करणारे लोक नातेवाइकांच्या तळघरांत राहायला गेले, नाही तर काउंटी सोडून गेले. लायकमिंग काउंटीतल्या जर्सी शोअरजवळ नदीकाठी रिव्हरडेल नावाची फिरत्या घरांची वसाहत होती. २०१२ मध्ये ती जागा फ्रॅकिंगसाठी नदीतून पाणी उपसण्याच्या केंद्राकरता विकली गेली आणि ३२ कुटुंबांना तिथून निघावं लागलं. फिरतं घर म्हणायला फिरतं असतं. जुनं घर हलवायचं तर हजारो डॉलर लागतात, आणि बऱ्याच वसाहती जुनी घरं घेतही नाहीत. नंतर राज्याने गॅसच्या शुल्कातला काही भाग परवडणाऱ्या घरांच्या निधीकडे वळवला. ते चांगलंच झालं, पण तोवर जे गेले ते गेले.

नोकऱ्यांबद्दल फार मोठे दावे झाले. त्या भागातल्या प्रशिक्षण केंद्राने आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या विस्तारसेवेने केलेली मोजणी मला सर्वांत उपयोगी वाटते. एका विहिरीसाठी ४०० हून अधिक माणसांचे हात लागतात, पण पूर्णवेळ वर्षभराच्या हिशेबात ते सुमारे बारा-तेरा नोकऱ्यांएवढंच काम होतं. त्यातलं ९८ टक्के काम विहीर खोदून पूर्ण होईपर्यंतच असतं. विहीर चालू झाली की मीटर पाहणारा, टाक्या रिकाम्या करणारा माणूस अनेक विहिरींमागे एक पुरतो. म्हणजे रोजगार विहिरींच्या संख्येवर अवलंबून नाही, नव्या विहिरी किती वेगाने खोदल्या जातात त्यावर आहे. पेनसिल्व्हेनियात २०११ मध्ये जवळपास दोन हजार शेल विहिरी खोदल्या गेल्या. २०१६ मध्ये ही संख्या पाचशेच्या आसपास आली. राज्यातून निघणारा वायू मात्र वाढतच गेला आणि पेनसिल्व्हेनिया टेक्सासच्या खालोखाल देशातलं दुसरं मोठं उत्पादक राज्य झालं. उत्पादन विक्रमी आणि मोटेल रिकामी, अशी ती वर्षं होती. मोटेल बांधणाऱ्या स्थानिकांनी वीस-वीस वर्षांची कर्जं काढली होती.

तेजीच्या काळातही स्थानिक नोकऱ्यांचा एक परिणाम बाहेरून दिसत नव्हता. जड वाहनाचा परवाना असलेला प्रत्येक माणूस गॅसकडे ओढला गेला. शाळेच्या बसचे चालक गेले, दुधाच्या टँकरचे गेले, टाउनशिपचा बर्फ काढणारा माणूस गेला. खेड्यांतली अग्निशमन दलं स्वयंसेवकांवर चालतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारे तरुण हाकेला येईनासे झाले, आणि नेमक्या त्याच काळात रस्त्यांवर अपघात आणि रासायनिक सांडणीचे प्रसंग वाढले.

रस्त्यांवर जरा जास्त लिहितो, कारण तिथे गावाला खरोखर काही करता येतं. एका विहिरीच्या फ्रॅकिंगला सुरुवातीच्या वर्षांत दीड-पावणेदोन कोटी लिटर पाणी लागे, पुढे खडकातून आडव्या जाणाऱ्या विहिरी लांबल्या तसं अधिक. पाणी, वाळू, पाइप, यंत्रं मिळून एका विहिरीमागे हजाराच्या घरात ट्रकफेऱ्या होतात. हे रस्ते दुधाच्या गाड्यांसाठी बांधलेले, काही नुसते खडीचे. वसंतात बर्फ वितळून जमीन भुसभुशीत होते तेव्हा आठवड्याभरात रस्त्याचा चिखल होई. पेनसिल्व्हेनियात टाउनशिपला रस्त्यावर वजनमर्यादा लावता येते आणि त्याहून जड वाहतूक करणाऱ्याकडून हमीरक्कम घेता येते. डांबरी रस्त्याला ही हमी मैलामागे फक्त १२,५०० डॉलर. नव्याने रस्ता बांधण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही. त्यामुळे खरी सुरक्षा हमीत नसून कंपनीबरोबरच्या देखभाल करारात असते. ज्या टाउनशिपांनी पहिला ट्रक येण्याआधी अभियंता नेमून रस्त्याचं चित्रीकरण केलं, थराची जाडी मोजली आणि करार केला, तिथले रस्ते कंपनीने पूर्वीपेक्षा चांगले करून दिले. ब्रॅडफर्ड काउंटीत असे रस्ते आजही दिसतात. जिथे तीन निवडून आलेले सुपरवायझर आणि एक अर्धवेळ सेक्रेटरी एवढंच सरकार होतं आणि तयारीला वेळच मिळाला नाही, तिथे नुकसान कोणाच्या ट्रकने केलं हे सिद्ध करण्यातच वर्षं गेली.

टाउनशिपकडे पैसा का नव्हता, हे समजायला करव्यवस्था पाहावी लागते. जमिनीखालच्या वायूवर स्थानिक मालमत्ता कर लावता येत नाही, असा निकाल २००२ मध्येच लागला होता. स्थानिक उत्पन्नकर पगारावर लागतो, रॉयल्टीवर लागत नाही. इतर मोठी वायू उत्पादक राज्यं काढलेल्या वायूवर कर घेतात, पेनसिल्व्हेनिया घेत नाही. म्हणजे गावाच्या पोटातून कोट्यवधींचा माल निघत असताना गावाच्या तिजोरीत काही पडतच नव्हतं. २०१२ च्या कायदा क्रमांक १३ ने विहिरीमागे वार्षिक शुल्क आणलं. राज्य यंत्रणांचा वाटा वजा जाता त्याचा ६० टक्के भाग काउंट्या आणि टाउनशिपांना मिळतो. आजवर दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली आहे. पाचशे-सातशे वस्तीच्या टाउनशिपांना अचानक वार्षिक अंदाजपत्रकापेक्षा मोठे चेक मिळाले. काहींनी पूल बांधले, काहींनी राखीव निधी केला. शाळांना मात्र या शुल्कातून थेट काही मिळत नाही आणि ही त्या कायद्यातली फार मोठी उणीव आहे. शिवाय शुल्क विहिरीच्या वयाप्रमाणे घटतं आणि १५ वर्षांनी थांबतं. त्याच कायद्याने गॅस प्रकल्प कुठेही होऊ देण्याची सक्ती गावांवर केली होती. रॉबिन्सन टाउनशिपने आणि इतरांनी तिला आव्हान दिलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मात्र ज्या खेड्यांत मुळात झोनिंगचे, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची याचे, नियमच नव्हते त्यांना या विजयाचा उपयोग झाला नाही.

आता पाणी. या खेड्यांत नळयोजना नसतात. प्रत्येक घराची स्वतःची बोअर, आणि तिच्या बांधणीला राज्याचे कुठलेही निकष नाहीत. सस्क्वेहाना काउंटीत डिमॉकला १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या बोअरवरचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबट ऑइल अँड गॅसच्या विहिरींतून मिथेन भूजलात गेल्याचं ठरवलं आणि गावाभोवतीच्या नऊ चौरस मैलांत नव्या विहिरींना बंदी घातली. कंपनीने जबाबदारी नाकारली. २०२० मध्ये फौजदारी आरोप झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने, जिचं नाव तोवर कोटेरा झालं होतं, आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली आणि सार्वजनिक नळयोजनेसाठी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. झाकण उडाल्यापासून तेरा वर्षं उलटून गेली होती. तोवर लोक बाटल्यांतून आणि टाक्यांतून पाणी भरत होते.

मिथेन वर कसा येतो हे नीट समजून घ्या. खडक दीड-दोन किलोमीटर खोल फोडला जातो. तिथून भेगा थेट बोअरपर्यंत येणं हे नेहमीचं कारण नाही. विहीर वरच्या थरांतून जाताना तिच्या नळीभोवती सिमेंट भरतात. ते सिमेंट नीट बसलं नाही तर मधल्या उथळ थरांतला वायू त्या फटीतून भूजलात चढतो. त्या भागात काही बोअरमध्ये मिथेन आधीपासूनही असतो, आणि वाद नेमका तिथेच अडकतो. म्हणून ड्रिलिंगआधीची स्वतंत्र तपासणी हवी. कायद्याने शेल विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा असं गृहीत धरलं जातं. पण कंपनीला आधीची तपासणी करू दिली नाही तर हे संरक्षण जातं. कंपनीवर राग म्हणून तपासनिसाला फाटकातून परत पाठवणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचा राग मला कळतो, पण तपासणी करू द्यावी आणि आपली वेगळी प्रमाणित प्रयोगशाळेतूनही करून घ्यावी.

आरोग्याबद्दल आता पूर्वीपेक्षा जास्त माहिती आहे. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन कमी असण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. तीन किलोमीटरपलीकडे परिणाम दिसला नाही. २०२३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासात विहिरींजवळच्या मुलांत लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा) आणि एकूण रहिवाशांत दम्याचा त्रास बळावण्याचा संबंध दिसला, मुलांतल्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) दिसला नाही. अशा अभ्यासातून एखाद्या विशिष्ट मुलाचा आजार विहिरीमुळेच झाला असं म्हणता येत नाही. पण शाळा आणि घरांपासून विहिरी किती दूर असाव्यात, याचे नियम ठरवायला एवढं पुरेसं आहे आणि ते अंतर वाढवायलाच हवं, असं मला वाटतं.

गावातल्या माणसांमाणसांत काय झालं ते आकड्यांत सापडत नाही. चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारी कुटुंबं बोलेनाशी झाली. लीजमध्ये गोपनीयतेची कलमं असत, पाण्याच्या तडजोडीत तर असतच, त्यामुळे शेजाऱ्याला काय मिळालं आणि त्याच्या पाण्याचं काय झालं हे कोणी कोणाला सांगू शकत नसे. दुधाचे भाव २००९ मध्ये कोसळले होते. काही शेतकऱ्यांनी बोनसच्या पैशांतून गोठे सुधारले आणि शेती टिकवली. साठी उलटलेल्या अनेकांनी गाई विकल्या. त्यांना मी दोष देणार नाही, पहाटे चारला उठून आयुष्य काढलं होतं त्यांनी. पण गाई गेल्या की पशुवैद्य, खाद्याचं दुकान, यंत्रदुरुस्ती हे सगळं मागोमाग जातं आणि उरलेल्या गोठ्यांचा खर्च वाढतो. सीमेपलीकडे न्यूयॉर्क राज्याने २००८ पासून परवाने थांबवले आणि डिसेंबर २०१४ मध्ये बंदीच जाहीर केली. तिथले कित्येक शेतकरी आजही म्हणतात की आमची शेती वाचवायची संधी हिरावली. त्यांचं म्हणणंही ऐकून घेण्यासारखं आहे.

शेवटी विहिरी बुजवण्याचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियात तेलाची पहिली व्यापारी विहीर १८५९ मध्ये टायटसव्हिलला खोदली गेली. तेव्हापासूनच्या लाखो जुन्या विहिरी मालक नसलेल्या, न बुजवलेल्या पडून आहेत, कित्येकांची जागाही कोणाला ठाऊक नाही. शेल विहिरी त्यांच्यापेक्षा कितीतरी खोल आणि बुजवायला महाग. उत्पादन घटलं की मोठ्या कंपन्या त्या लहान कंपन्यांना विकतात, आणि सरकारजमा हमी प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने फार तोकडी असते. तेव्हा कोणाच्या दारात लीजचा कागद आला, तर बोनसच्या आकड्याआधी मी चार गोष्टी पाहायला सांगतो: रॉयल्टीतून कपात होणार का, उत्पादन थांबल्यावर जमीन किती दिवसांत मोकळी होणार, लीज दुसऱ्या कंपनीला विकली तर जबाबदाऱ्या तिच्यावरही बंधनकारक राहणार का, आणि विहीर बुजवून पॅडची माती पूर्ववत करण्याचा खर्च कोण, कोणत्या मुदतीत, कशाच्या हमीवर देणार. याची लेखी उत्तरं मिळेपर्यंत सही करू नये, आणि शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय तर मुळीच करू नये.